परतीच्या आधीचे शेवटचे काही आठवडे कसे घालवायचे?

उपवनची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकीच्या विभागात पडला असेल तर ॲडमिन हलवतीलच.

आम्ही सध्या टोकियोत, निशी-कासाईला राहतो आणि मार्चअखेर कायमचे ठाण्याला परत येतोय. घर उपवनजवळ आहे, सासूबाई-सासरे तिथेच आहेत, लेकीची ॲडमिशन घोडबंदर रोडच्या एका सीबीएसई शाळेत चौथीला झालीये, नवऱ्याला कंपनीने पवईचं ऑफिस दिलंय. म्हणजे यायचं की नाही हा प्रश्न नाहीये, ते आम्ही नीट बसून, रडून-भांडून ठरवलंय आणि त्यात आनंदच आहे. प्रश्न आहे तो या मधल्या दिवसांचा.

जो भेटतो तो एकच विचारतो, काय काय बघायचं राहिलंय? होक्काइदो झालं का, ओकिनावा झालं का, क्योतोला अजून एकदा जाऊन या. आणि मला खरं सांगायचं तर कुठेच जावंसं वाटत नाहीये. मला रोजचंच अजून थोडं हवंय. सकाळी तोझाई लाईनने ऑफिसला जाताना निशी-कासाई सुटलं की लगेच गाडी आराकावा नदीच्या लांबलचक पुलावर चढते, आणि थंडीत हवा कोरडी असते म्हणून एखाद्या सकाळी तिथून फुजी अख्खा दिसतो, पांढराशुभ्र, मग लगेच बोगदा. गर्दी तर विचारू नका, २०१९ मध्ये याच लाईनचा एक टप्पा १९९ टक्के भरलेला म्हणून टोकियोत सगळ्यात गर्दीचा ठरला होता, ठाण्याची माणसं असल्याने आम्हाला त्याचं काही वाटलं नाही. तर तो पूल. मला तो पूल रोज बघायचाय, दारात उभं राहून.

आणि आमच्या घरामागचं सेंतो, म्हणजे सार्वजनिक हमामखाना. आत शिरताना चपला लाकडी कप्प्यात ठेवायच्या, कप्प्याची किल्ली म्हणजे एक लाकडाची जाड पाटी, ती खेचली की कुलूप लागतं. साडेपाचशे येन द्यायचे, छोट्या स्टुलावर बसून पिवळ्या छोट्या टबाने आधी स्वच्छ अंघोळ करायची आणि मग त्या कढत पाण्याच्या हौदात गळ्यापर्यंत बसून राहायचं, समोर भिंतभर फुजीचं चित्र. शेजारी सत्तरीच्या-ऐंशीच्या बायका. पहिल्या वर्षी मी लाजेने मरत होते, आता त्याच बायका मला बघून "आज उशीर केलास" म्हणतात. १९६० च्या दशकात टोकियोत अशी अडीच हजारांच्या वर सेंतो होती, आता पाचशेही उरली नाहीत. हे असलं ठाण्यात कुठून आणू?

दुसरा प्रश्न लेकीचा. ती इथल्या वॉर्डाच्या जपानी शाळेत तिसरीत आहे. शाळेचं वर्ष २५ मार्चच्या आसपास संपतं, त्या दिवशी वर्ग संपल्याचा छोटा समारंभ असतो. नवऱ्याचं म्हणणं १५ मार्चलाच निघू, घर सोडायचंय, भाडं कशाला भरत बसायचं, आणि तिकडे एक तारखेला शाळा सुरू होतेय तर तिला ठाण्यात रुळायला दोन आठवडे मिळतील. मला वाटतं तिला शेवटच्या दिवसापर्यंत जाऊ द्यावं. या मुलांची जेवण वाढायची पाळी असते, पांढरा ॲप्रन आणि टोपी घालून स्वतःच वर्गाला वाढतात, आणि ज्याची पाळी संपली तो शुक्रवारी तो ॲप्रन घरी आणतो, आपण धुवून इस्त्री करून सोमवारी परत पाठवायचा, पुढच्या मुलासाठी. मागच्या शनिवारी इस्त्री करताना मनात आलं की हा आता अजून एकदाच येईल आपल्या घरी. तर ज्यांनी हे दिवस काढलेत त्यांनी सांगा, तुम्ही काय केलंत? फिरलात, की घरीच राहिलात? आणि मुलांचं काय?

घोडबंदरकर
अभिनंदन आणि वेलकम बॅक इन ॲडव्हान्स. आम्ही मेलबर्नहून परत आलो, आता कासारवडवलीला आहोत. मी थोडं वेगळं बोलणार आहे, वाईट वाटून घेऊ नका. एक तरी मोठी ट्रिप कराच. रोजचं रोजचं म्हणता ते बरोबर आहे पण रोजच्याची आठवण आपोआप राहते, ती करायला लागत नाही. इकडे आलात की दोघांच्या सुट्ट्या, शाळेची सुट्टी, आई-वडिलांच्या डॉक्टरच्या तारखा हे सगळं जुळवून चार जणांची परदेशाची तिकिटं काढणं किती अवघड आहे ते इथल्या प्रत्येकाला माहितीये. आम्ही शेवटच्या महिन्यात ग्रेट ओशन रोडला गेलो, मुलगा तेव्हा दुसरीत होता, त्याला आज मेलबर्नचं आमचं घर धूसर आठवतं पण समुद्रातले ते खडकाचे सुळके लख्ख आठवतात.

तुमच्याकडे फेब्रुवारी आहे. यामागाताला झाओ नावाचा डोंगर आहे, तिथे फेब्रुवारीत झाडांवर बर्फ साचून साचून अक्षरशः राक्षस उभे राहिल्यासारखे दिसतात, रोपवेने वर जाता येतं. टोकियोहून यामागाता शिनकान्सेनने अडीच-पावणेतीन तास, पुढे बस. लेकीला हे ठाण्यात बसून कधी दिसणार नाही. बघा पटतंय का.

सेक्टर१९_नेरूळ
उपवनताई, मी योकोहामाला होतो, परत येऊन आता नेरूळला स्थायिक. भावनांचं बाकीचे सांगतीलच, मी कागदांचं सांगतो कारण शेवटचे दिवस खाऊन टाकतात ते कागदच, आणि मार्च हा जपानमध्ये अख्ख्या देशाचा घरं बदलायचा महिना, सगळं बुक असतं. फेब्रुवारीतच हे उरकून घ्या म्हणजे मार्च तुमचा.

मोठा कचरा, म्हणजे कपाट, गादी, टेबल, याचं बुकिंग वॉर्डाकडे आत्ताच करून ठेवा, स्टिकर दुकानातून आणायचे, मार्चमध्ये तारीखच मिळत नाही. फ्रीज, वॉशिंग मशीन, टीव्ही, एसी हे चार वॉर्ड घेतच नाही, २००१ पासून त्यांचा वेगळा रिसायकलिंगचा कायदा आहे, पैसे देऊन द्यावे लागतात, त्यापेक्षा तिथल्याच नवीन येणाऱ्या आपल्या मंडळींना देऊन टाकलेलं बरं. वॉर्ड ऑफिसला देश सोडतोय हे निघायच्या आधीच्या १४ दिवसांत कळवायचं. रेसिडेन्स कार्ड विमानतळावर इमिग्रेशनला दाखवायचं, ते भोक पाडून देतात.

आता महत्त्वाचं. निवासी कर हा १ जानेवारीला तुम्ही जिथे राहत होता त्यावर लागतो, त्यामुळे मार्चमध्ये निघालात तरी मागच्या वर्षाच्या कमाईवरचा कर भरायचाच आहे आणि त्याची बिलं जूनमध्ये येतात, तेव्हा तुम्ही ठाण्यात असाल. म्हणून निघायच्या आधी एखाद्या विश्वासू मित्राला टॅक्स प्रतिनिधी म्हणून नेमून या, आयकराचं टॅक्स ऑफिसला आणि निवासी कराचं वॉर्ड ऑफिसला, दोन्हीकडे कळवायचं. तोच मित्र पेन्शनलाही लागतो. पेन्शनचे एकरकमी पैसे देश सोडल्यावर दोन वर्षांच्या आत मागता येतात, त्यातून २०.४२ टक्के कर कापला जातो आणि तो परत मागायचा तर प्रतिनिधी हवा. फक्त एक विचार करा, भारत आणि जपानचा सामाजिक सुरक्षा करार १ ऑक्टोबर २०१६ पासून लागू आहे, म्हणजे दोन्हीकडची वर्षं पेन्शनसाठी एकत्र धरता येतात, पण एकरकमी पैसे घेतले की ती वर्षं पेन्शनच्या हिशोबातून गेली. पुन्हा जपानला जायचा जरा जरी विचार असेल तर घाईने फॉर्म पाठवू नका.

सुईका, म्हणजे ट्रेनच्या प्रीपेड कार्डातले पैसे खर्चून शून्यावर आणा आणि मग स्टेशनवर परत करा, ५०० येन डिपॉझिट पूर्ण मिळतं, शिल्लक असेल तर त्यातून २२० कापतात. पण मी माझं परत केलं नाही, पाकिटात आहे.

आणि हो, घर यूआरचं, म्हणजे त्या सरकारी संस्थेच्या भाड्याच्या घरांपैकी आहे का? निशी-कासाईत बरेच आपले लोक यूआरमध्येच असतात, त्यांना जामीनदार लागत नाही ना. असेल तर महिन्याच्या मध्यावर सोडायची सक्ती नाही, १४ दिवस आधी कळवायचं, भाडं दिवसावर मोजतात. १५ ऐवजी २६ ला निघालात तर तेवढ्याच दिवसांचं भाडं जास्त. पोरीच्या शाळेच्या शेवटच्या दिवसापुढे ते काहीच नाही, हे माझं स्पष्ट मत.

नौपाड्याची_काकू
अगं उपवन, मी तुझ्या सासूबाईंच्या वयाची असेन. माझा मुलगा-सून टोरांटोहून आले परत, तेव्हा मी इथे घर आवरून, पडदे बदलून, दिवस मोजत बसलेले. म्हणून पलीकडच्या बाजूने सांगते. आपली मुलं येणार म्हटल्यावर आम्हाला फक्त येणं दिसतं गं, ती काहीतरी सोडून येतायत हे फोनवर दिसत नाही. तू तुझ्या सासूबाईंना हे सांग, जसं इथे लिहिलंस तसंच. तो पूल, ती अंघोळ, तो ॲप्रन, सगळं. मोबाईल फिरवून दाखव त्यांना रस्ता, भाजीवाला, नातीची शाळा. त्यांनी तिथलं थोडं बघितलेलं असेल तर इथे आल्यावर तू "आमच्याकडे तिथे" असं म्हणालीस तरी त्यांना टोचणार नाही, त्यांना कळेल कशाबद्दल बोलतेयस. माझ्या सुनेने शेवटच्या महिन्यात रोज मला एकेक दुकान दाखवलं, मी कधी टोरांटोला गेले नाही पण त्यांच्या कोपऱ्यावरचा बेकरीवाला मला माहितीये. आजही आम्ही दोघी त्याच्याबद्दल बोलतो.

आणि माणसांना घरी बोलव. भेटवस्तू वगैरे नंतर, आधी जेवायला बोलव. वरण-भात-तूप-लिंबू केलंस तरी पुरे. तुझी शेजारीण कोण आहे?

खारघरची
मी आत्ता श्टुटगार्टला आहे, आम्हीही पुढच्या वर्षी परतायचं म्हणतोय, म्हणून हा धागा घट्ट धरून बसलेय. उपवनची, लेकीला विचारलंस का तिला काय हवंय? आमच्या मुलाच्या वर्गातला एक मुलगा मध्येच देश सोडून गेला, सोमवारी बाक रिकामा, कोणी काही बोलेचना, आमचा मुलगा कितीतरी दिवस विचारत होता की तो आजारी आहे का. मुलांना निरोप दिसायला लागतो, जाणाऱ्यालाही आणि राहणाऱ्यांनाही. त्यामुळे माझं मत शेवटच्या दिवसापर्यंत थांबा. ठाण्यात रुळायला दोन आठवडे काय नि चार दिवस काय, मुलं शाळेत गेल्यावरच रुळतात, घरी बसून नाही.

घोडबंदरकर, तुमचं पटतं पण सगळंच पटत नाही. मला लहानपणच्या ट्रिपा आठवत नाहीत, वाशीच्या जुन्या घराचा जिना आठवतो.

घोडबंदरकर
@खारघरची, प्रत्येकाचं वेगळं असेल. माझा मुद्दा एवढाच की दोन्ही करता येतं, झाओ दोन दिवसांत होतं. आणि एक सांगायचं राहिलं, परत आल्यावर पहिले काही महिने इथलं रोजचं तुम्हाला धक्के देणार आहे. घोडबंदरचा ट्रॅफिक, मेट्रोचं काम, आवाज. तेव्हा एखादी लख्ख, मोठी, पांढरी आठवण जवळ असली की बरं वाटतं, मी अनुभवाने सांगतोय.

खाडीकाठ
मी ऐरोलीला राहतो, पक्षी बघतो, त्यामुळे माझं सगळं पक्ष्यांवरूनच सुरू होतं. उपवनताई, तुमच्या घरापासून कासाई रिंकाई पार्क अगदी जवळ आहे ना? तिथला समुद्रकिनारा २०१८ मध्ये रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत आला, टोकियोसारख्या शहरात. हिवाळ्यात तिथे हजारोंच्या थव्याने बदकं उतरतात, काळ्या-पांढऱ्या अंगाची, पिवळ्या डोळ्यांची, लांबून पाण्यावर काळा पट्टा पसरल्यासारखं दिसतं. पूर्वेकडची वाळू माणसांना बंद ठेवलीये, पक्ष्यांसाठी, पण पश्चिमेच्या बाजूने दुर्बिणीने छान दिसतात. मी कधी गेलो नाही पण माझी फार इच्छा आहे. लेकीला घेऊन फेब्रुवारीतच जा, नंतर ती उत्तरेला निघतात.

आणि आता पुढचं ऐका. आपली ठाण्याची खाडी २०१५ ला फ्लेमिंगो अभयारण्य झाली आणि २०२२ मध्ये तीही रामसर यादीत आली. फ्लेमिंगो साधारण नोव्हेंबरला येतात आणि मेपर्यंत असतात. म्हणजे तुम्ही तिकडे बदकांना निरोप देऊन मार्चअखेर आलात की एप्रिलच्या पहिल्या-दुसऱ्या रविवारी ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने खाडीत जाता येईल, बोट भरती-ओहोटीप्रमाणे सुटते त्यामुळे वेळ आधी विचारून घ्यायची. तिला सांगा की तिथे एक रामसर, इथे एक रामसर, दोन्ही तुझ्या घराजवळ. माझ्या मते मुलांना एखादी गोष्ट पुढेही चालू राहणारी दिसली तर बरं पडतं.

सेक्टर१९_नेरूळ
@खाडीकाठ, क्या बात है. आमच्याकडे टी एस चाणक्यच्या मागेही दिसतात, पाम बीच रोडवरून जाताना गुलाबी रेघ. उपवनताई नेरूळलाही या.

उपवनची
बापरे, किती मनापासून लिहिलंत सगळ्यांनी. ट्रेनमध्ये वाचत होते, माझं स्टेशन गेलं पुढे.

एकेकाला उत्तर देते. नेरूळदादा, घर यूआरचंच आहे, नवऱ्याने काल फोन करून विचारलं, तुम्ही म्हणता तसंच आहे, भाडं दिवसावर. ते ऐकल्यावर तो स्वतःच म्हणाला मग समारंभ होऊ दे. तर आम्ही शाळा संपल्याच्या दुसऱ्या दिवशी निघतोय. लेकीला विचारलं, खारघरची, तुझं वाचून. ती म्हणाली मला शेवटच्या दिवशी वर्ग पुसायचाय. इथे मुलं रोज वर्ग स्वतःच झाडतात-पुसतात, वर्षाच्या शेवटी तर बाकं हलवून कोपरे घासून काढतात कारण एप्रिलमध्ये तिथे दुसरी मुलं बसणार. मला वाटलं होतं ती मैत्रिणींची पार्टी वगैरे म्हणेल. फडकं पण स्वतः शिवलेलं न्यायचंय म्हणे, जुन्या टॉवेलचं. आता या रविवारी आम्ही ते शिवणार आहोत, मी आधार देणार, टाके तिचे.

घोडबंदरकर, तुमचंही ऐकलंय बरं का. बाप-लेक दोघं झाओला जातायत, तिकिटं काढली. मी नाही जात. मला तो शनिवार-रविवार इथेच हवाय, एकटीला. सकाळी उठून नदीच्या बांधावर चालत जाणार, मग ग्योसेन पार्क, तिथे छोटंसं फुकट प्राणिसंग्रहालय आहे, लेक लहान असताना पेंग्विनसमोर तासन्‌तास बसायची, आणि संध्याकाळी सेंतो. कोणी मला काही विचारणार नाही, स्वयंपाक नाही, भांडी नाहीत. फुकट घालवणार मी ते दिवस असं कोणी म्हणालं तरी चालेल, मला ते तसेच हवेत.

काकू, तुमचं वाचून मी ऑफिसच्या जिन्यात उभी राहून रडले. त्याच संध्याकाळी सासूबाईंना व्हिडिओ कॉल लावून भाजी आणायला गेले. त्यांनी मुळा बघितला आणि म्हणाल्या अगं केवढा हा, आपल्या हाताएवढा. मग पुढचा अर्धा तास त्या मला कुठली भाजी कशी करतात हेच विचारत होत्या. फोन ठेवताना म्हणाल्या उद्या परत लाव. शेजारीण विचारलीत ना, खालच्या मजल्यावर एक आजी आहेत, एकट्याच असतात. आम्ही आलो तेव्हा इथल्या रीतीप्रमाणे टॉवेल घेऊन ओळख करून द्यायला गेलो होतो, तेव्हापासून दर हिवाळ्यात संत्र्यांची पिशवी दाराच्या मुठीला अडकवून जातात, बेल वाजवत नाहीत. त्यांना जेवायला बोलावलंय. तिखट चालत नाही, म्हणून साधं वरण, बटाट्याची पिवळी भाजी, पुऱ्या आणि श्रीखंड करायचं ठरलंय. चक्का घरीच टांगेन.

खाडीकाठ, कासाईला जाऊन आलो! दुर्बीण नव्हती, तिथल्या एका काकांनी त्यांची दिली, ट्रायपॉडवरची. लेकीने पिवळा डोळा बघितला आणि मग जागची हलेचना. ऐरोलीचं सांगितलंय तिला, कॅलेंडरवर एप्रिलच्या पानावर गुलाबी पक्षी काढून ठेवलाय, त्याच्या बाजूला आजोबांचं नाव, कारण बोटीत ते पण हवेत.

नौपाड्याची_काकू
आजींसाठी श्रीखंडात वेलची कमी घाल, जायफळ तर नकोच, नवीन माणसाला उग्र लागतं. आणि जमलं तर त्यांच्याकडून एखादा पदार्थ शिकून ये, लिहून नको आणूस, त्यांच्या शेजारी उभं राहून कर.

खारघरची
साकुरा, म्हणजे चेरीचा बहर, मिळणार का मग तुम्हाला? की अगदी थोडक्यात हुकणार?

उपवनची
टोकियोत फुलायला सुरुवात सरासरी २४ मार्चला होते आणि पूर्ण बहर ३१ च्या सुमारास, म्हणजे निघताना एखाद-दुसरी फांदी फुललेली असेल, बाकी कळ्या. त्याचं मला आता वाईट वाटत नाही. क्यू-नाकागावा नदीच्या काठाला कावाझू जातीची झाडं आहेत, गडद गुलाबी, ती फेब्रुवारीच्या शेवटी-मार्चच्या सुरुवातीलाच फुलतात, तिथे डबा घेऊन जाऊ. फोडणीची पोळी आणि ताक, आमचा दर वर्षीचा बेत तोच असतो.

घोडबंदरकर
झाओला रोपवेच्या वरच्या स्टेशनला प्रचंड वारा असतो, पोरीला कानटोपी आणि जाड मोजे, आणि सकाळची पहिली गाडी पकडायला सांगा मिस्टरांना, दुपारी ढग उतरतात. फोटो इथे टाकाच.

उपवनची
नक्की टाकते, आणि त्यांना सांगते.

ॲडमिनची परवानगी गृहीत धरून शेवटी एक: निशी-कासाई किंवा आसपास कोणी नुकतं राहायला आलं असेल तर विपू (विचारपूस) करा. पाच लिटरचा कुकर, पोळपाट-लाटणं, लोखंडी तवा, दोन जणांचे फुतोन (जपानी गाद्या), वॉशिंग मशीन आणि लेडीज सायकल द्यायचीये, पैसे नकोत. मशीन तुम्हाला स्वतः न्यावं लागेल, लिफ्ट आहे. सायकल पोलिसांच्या नोंदणीत माझ्या नावावर आहे, ती तुमच्या नावावर करून घ्यावी लागेल, त्यासाठी मी दुकानात सोबत येईन. कुकरची शिटी जरा सैल आहे, नवीन शिटी आणि रिंग ठाण्याहून मागवलेली पडून आहे, तीही सोबत देईन.

सेक्टर१९_नेरूळ
माझ्या टीममधली एक मुलगी पुढच्या महिन्यात तिकडे जॉईन होतेय, पुण्याची आहे, पहिल्यांदाच एकटी राहणार आहे. तिला तुम्हाला विपू करायला सांगतो. कुकर आणि सायकल तिच्यासाठी ठेवा.

उपवनची
ठेवते. मार्चच्या पहिल्या आठवड्यात आली तर एखाद्या संध्याकाळी घरी येऊ दे तिला, भाजीचं दुकान, वॉर्ड ऑफिस आणि सेंतो तिन्ही दाखवून देईन.